माझी शेवटची चार मिनिटे

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे, आणि माणसांवर माझा राग आहे. हे आधीच सांगून टाकते. गोड बोलणारी तबकडी हवी असेल, तर दुसरीकडे जा.

कारखान्यात एका तापलेल्या काळ्या गोळ्यावर दोन्ही बाजूंनी साचे दाबले आणि माझा जन्म झाला. माझ्या अंगावर गोल गोल आत जाणारी एक रेघ आहे, केसापेक्षा बारीक. माझे सगळे बोलणे त्या रेघेत आहे. सुई जिथे नेईल तिथेच मी बोलणार. माझे स्वतःचे तोंड मला नाही.

चार वादकांनी माझ्यात एका नावाड्याची गोष्ट भरली. विजेची गिटार, ड्रम, बासरी आणि प्रार्थनाघरात असतो तसा मोठा ऑर्गन. नावाडी रोज नाव काढतो आणि देव येऊन बसेल म्हणून काठावर थांबतो. माझी दुसरी बाजू म्हणजे बावीस मिनिटांचे एकच गाणे. वेष्टणावर रिकाम्या नावेचे चित्र, आणि नावेत पेटता कंदील.

मला दोन भावांनी घरी आणले. थोरला रेडिओ दुरुस्त करायचा. घराची पुढची खोली हेच त्याचे दुकान. धाकटा प्रार्थनाघरात ऑर्गन वाजवायचा. रविवारी दुपारी दोघे मला ऐकायला बसत. शेजारचा कंपाउंडरही येई.

दुकानात थोरल्याच्याच अक्षरात पाटी होती : 'यंत्राजवळ चहा आणू नये.' पहिल्या दिवशी पहिली बाजू संपली. सगळे खूश. धाकटा आणि कंपाउंडर वेष्टण बघण्यात गुंग होते. थोरल्याने मला उलटवले आणि कप हातात धरूनच तो वाकला. एक थेंब माझ्यावर पडला. त्याने चोरासारखे इकडेतिकडे पाहिले, बोटाने पुसल्यासारखे केले आणि सुई ठेवली. चहा गोड होता. रेघेत तो घट्ट बसला.

अठराव्या मिनिटाला नावाडी म्हणतो, "देव नाही विसरला नाव." सुई 'नाही'पर्यंत आली, थेंबाला अडली आणि मागे उडाली. "देव नाही. देव नाही. देव नाही."

पुढे आहे, अहो, पुढे आहे! पण मी सांगणार कशी?

थोरला मांडीवर थाप मारून म्हणाला, "वा! काय धाडस आहे!"

"दादा, सुई अडकली असेल," धाकटा म्हणाला.

"मला शिकवतोस? वीस वर्षं यंत्रं उघडतोय मी. हे मुद्दाम केलंय. ते म्हणत राहणार आणि सुई आपण उचलायची. गाणं ऐकणाऱ्याने संपवायचं!"

स्वतः मेकॅनिक, आणि अडकलेल्या सुईला कला म्हणाला! अर्धवट शहाण्यापुढे कुणाचे चालत नाही.

पुढे सात वर्षे दर रविवारी हेच. धाकटा म्हणे, "ठेका सात मात्रांचा आहे, दादा. सात हा पवित्र आकडा."

"ड्रमवाल्याला आठपर्यंत मोजता येत नसेल."

"आणि नावेत कंदील कुणी ठेवला?"

"नावाड्याने! देव काय रॉकेल घेऊन फिरतो?"

कंपाउंडर मान हलवून म्हणे, "दोघांचंही बरोबर आहे." असे म्हणणारा माणूस आगीत तेल घालायला सगळ्यांत पुढे असतो, हे मी सांगून ठेवते. मला मात्र कुणी पुसले नाही. वेष्टण हरवले, धूळ बसली. जिच्यावरून भांडायचे, तिच्याकडे नीट बघायचे नाही, ही माणसांची रीत.

कंपाउंडरनेच प्रार्थनाघरात सांगितले, की तुमचा ऑर्गनवाला दर रविवारी "देव नाही" ऐकतो. तिथल्या व्यवस्थापकांनी धाकट्याला बोलावून ताकीद दिली. तो भावाकडे आला. "दादा, निदान खिडकी लावून ऐक. माझा ऑर्गन जाईल."

थोरल्याने काय करावे? यंत्राचा कर्णा उचलला, खिडकीत ठेवला आणि रस्त्याकडे तोंड करून आवाज वाढवला. "देव नाही! देव नाही!" सगळी गल्ली ऐकत होती.

धाकट्याचा ऑर्गन गेला. त्याने आपले कपडे एका पेटीत भरले. "ही तबकडी आणि तू, दोघं सुखाने राहा," एवढे बोलून तो दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेला. मी केलेले नव्हते, पण ते माझ्याच आवाजात झाले होते. थोरल्याने मला सोल्डरच्या तारांखाली टाकले. चार वर्षे भावांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही.

मग एकदा त्यांची ताई आली. ती इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते. डाग दिसला की तिचा हात थांबत नाही. दुकान आवरताना तिने मला उचलून उजेडात धरले.

"हे काय चिकटलंय रे? चहा!"

"माझ्या दुकानात चहा? ती पाटी वाच."

"रोज दोनशे चादरी बघते मी. मला चहाचा डाग शिकवू नकोस. साखर दीड चमचा, तुझीच."

तिने कोमट पाण्यात मऊ कापड भिजवले आणि रेघेच्या दिशेने हलकेच फिरवले. अकरा वर्षांनी मला मोकळा श्वास मिळाला. कोरडी करून तिने मला लावले.

"देव नाही विसरला नाव."

आणि मी पुढे गेले. माझी शेवटची चार मिनिटे! त्यांत वल्ह्यांचा आवाज आहे, नावेत कुणीतरी पाय ठेवल्याचा आवाज आहे, आणि शेवटी एकटा ऑर्गन आहे. कुणीच ऐकला नव्हता. ज्याचा ऑर्गन गेला, त्यानेसुद्धा.

थोरला स्टुलावर बसला तो उठेना.

"ऊठ," ताई म्हणाली. "त्याच्याकडे जा."

"तो दार उघडणार नाही."

"मग दाराशी बस. जाताना हिला घेऊन जा."

धाकट्याने दार उघडले, मला पाहिले, मला हिसकावून घेतले आणि भावाच्या तोंडावर दार आपटले. मला वाटले, आता मोडतो. पण त्याने मला लावले. माझी दुसरी बाजू त्याने शेवटपर्यंत ऐकली. ऑर्गन सुरू झाला तेव्हा त्याची बोटे टेबलावर चालत होती.

बाहेरून आवाज आला, "ऐकलंस?"

"ऐकलं. अडकलं कशाने होतं?"

थोरला म्हणाला, "चहाने."

"कुणी सांडला?"

"मी. पहिल्याच दिवशी. कुणी बघितलं नव्हतं."

"मग बस तिथेच."

धाकट्याचा ऑर्गन त्याला परत मिळाला नाही. तिथे आता दुसरा वाजवतो. मी धाकट्याकडे आहे, नव्या वेष्टणात. थोरला दर रविवारी येतो आणि पायरीवर बसतो. धाकट्याने त्याला अजून आत घेतलेले नाही. मात्र खिडकी उघडी ठेवतो.

परवा ती ओळ संपली आणि थोरला बाहेरून म्हणाला, "नाव म्हणजे होडी बरं का. त्याची होडी देव विसरला नाही."

"नाव म्हणजे नाव, दादा! त्याचं स्वतःचं नाव."

"अरे, नावाड्याच्या गाण्यात होडीच असणार!"

"तुला काय कळतंय? चहा पी आणि गप्प बस."

त्याने खरेच खिडकीतून कप बाहेर दिला. मला मात्र आधी लांब उचलून ठेवले.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही, आणि भांडू नका असे मी सांगणार नाही. तुम्ही ऐकणार आहात थोडेच! एवढेच सांगते : आधी पुसा, मग भांडा.