न बोलावता भरणारे घर

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची पातेली आहे. अंगाने तळहातावर मावेन एवढीच, पण दांडा मात्र चांगला वीतभर लांब. आमचे ग्रीक लोक मला ब्रीकी म्हणतात आणि माझ्यात फक्त कॉफी करतात. कुणी दूध तापवायला घेतले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझा जन्म सियातिस्ता नावाच्या डोंगरातल्या गावी, एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने ठोकून ठोकून मला आकार दिला आणि आतून लखलखीत कल्हई केली. हारालांबोस नावाच्या तरुणाच्या आईने मला विकत घेतले, कारण तिचा मुलगा कॅनडाला निघाला होता. सगळे त्याला बाबिस म्हणत. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याने मला कोटाच्या खिशात ठेवले, आणि माझा दांडा बाहेर डोकावत राहिला. कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदराच्या धक्क्यावरच्या अधिकाऱ्याला वाटले, हा हत्यार घेऊन आला आहे! बाबिसला तिथली भाषा येत नव्हती. त्याने मला उंच धरले, हवेतल्या हवेत कॉफी ओतली, मोठा भुरका मारला आणि डोळे मिटून ‘आहाहा’ केले. अधिकारी पोट धरून हसला आणि त्याने शिक्का मारून टाकला.

मॉन्ट्रियलला बाबिस फरच्या कारखान्यात लागला. आमच्या गावाचे ते पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. दुसऱ्यांनी फेकून दिलेले बोटभर तुकडे तो असे जोडायचा की कोटावरची शिवण शोधून सापडत नसे.

आमच्यात वाढदिवसाचे फारसे कौतुक नाही. ज्या संताचे नाव तुम्हाला ठेवले, त्याचा दिवस तोच तुमचा सण. हारालांबोसचा सण येतो दहा फेब्रुवारीला, ऐन बर्फात. त्या दिवशी कुणालाही बोलवायचे नसते. दार उघडे ठेवायचे, ज्याला आठवण असेल तो येतो. पहिल्या वर्षी बाबिस तळघरातल्या एका खोलीत राहत होता. तरी त्याने दार सताड उघडले. वरून घरमालकीण ओरडली, “दार लाव रे! मी काय सगळ्या गावाला ऊब पुरवायची?” अकरा जण आले आणि कप होते दोन. प्रत्येकाने आपली पाळी येईपर्यंत गाणी म्हटली.

पुढे दोम्ना नावाची मुलगी त्याच्या आयुष्यात आली. तिने माझ्यात पहिल्यांदा कॉफी केली तेव्हा फेस आलाच नाही. पाहुण्याला बिनफेसाची कॉफी देणे हा आमच्यात अपमान समजतात. बाबिसने ती घटाघटा प्यायली आणि म्हणाला, “वा, छान झालीय!” मी मनात म्हटले, याचे आता काही खरे नाही, हा लग्न करणार. आणि झालेही तसेच.

माझी कल्हई उडाली तेव्हा सगळ्या शहरात कल्हईवाला सापडेना. मग बाबिसने नवसागर आणि कथील आणून स्वतःच खटपट केली. कापसाचा बोळा पेटला, बाहीला भोक पडले, स्वयंपाकघर धुराने भरले. दोम्ना म्हणाली, “कारखान्यातल्या मिंकच्या फरकोटाला भोक पाडत नाहीस ते नशीब!” पण मी पुन्हा चमकले. त्यानंतर दर दोन वर्षांनी त्याने मला स्वतःच्या हाताने कल्हई केली. याहून मोठे कौतुक कोणत्या पातेलीच्या वाट्याला येईल?

वर्षे गेली, मुले झाली, नातवंडे झाली, दोम्ना देवाघरी गेली. बाबिसचे आजोबा झाले आणि त्यांचा हात थरथरू लागला. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीच्या सणाआधी ते मला पुसता पुसता नातीला म्हणाले, “यंदा एकदा घर भरलं म्हणजे झालं गं. पुढचं कुणी पाहिलंय?”

नातीचे नाव फोतिनी. पोर गुणी, पण कॅनडात वाढलेली, आणि कामही समारंभ आखून देण्याचे. आजोबांसाठी काय करू आणि काय नको, असे तिला झाले. तिने सुंदर कार्डे छापली आणि पंचवीस जणांना धाडली. ‘दुपारी दोन ते पाच. येणार की नाही, ते कृपया कळवावे.’

दहा तारखेला आजोबा टाय लावून बसले. दोन वाजले, तीन वाजले. चेरीचा मुरांबा वाट्यांत तसाच होता. मी शेगडीवर कोरडी ठणठणीत. कुणीही फिरकले नाही. आजोबा बंद दाराकडे बघत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हते.

साडेतीनला दारावर धाडधाड झाले. मिल्तोस आजोबा! कारखान्यातले पहिल्या दिवसापासूनचे मित्र. खांद्यावर बर्फ आणि हातात ते कार्ड.

“हे काय आहे?” त्यांनी विचारले.

“आमंत्रण आहे, मिल्तोस आजोबा,” फोतिनी म्हणाली.

“ते दिसतंय मला, डोळे शाबूत आहेत अजून! चौसष्ट वर्षं मी या घरात न बोलावता येतोय. आता मला छापील कागद? परका झालो का मी? आणि पाच वाजले की काय, हाकलणार?”

“तसं नाही हो...”

“ज्यांना कार्ड मिळालं ते रुसलेत. ज्यांना नाही मिळालं ते म्हणतात, आपलं नाव कापलं. शाब्बास पोरी! एका झटक्यात सगळ्यांना घरी बसवलंस!”

आजोबांचे खांदे हलू लागले. मला वाटले, रडताहेत. पण ते हसत होते, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“मिल्त्या, भांडून झालं असेल तर टेक. कॉफी कडू की मध्यम?”

“मध्यम. आणि फेस हात आखडून देऊ नकोस.”

फोतिनीचा मात्र बांध फुटला. “चुकलं माझं, आजोबा. मला वाटलं, नीट आखलं तर जास्त माणसं येतील.”

“रडतेस काय वेडे? दार उघड.”

“बाहेर उणे अठरा आहे!”

“उघड म्हणतो ना!”

तिने दार उघडले. मिल्तोस आजोबांनी फोन उचलला आणि एकेकाला खडसावायला सुरुवात केली. “अरे, बाबिसचं दार उघडं आहे, तू घरात काय करतोयस? कार्ड? चुलीत घाल ते!”

मित्रांनो, मग जी रीघ लागली! काठ्या टेकत, एकमेकांना धरत, बर्फ झटकत सगळे आले. “पुष्कळ वर्षं जग, बाबिस!” या आरोळ्यांनी घर दणाणले. फोतिनीने मला हातात घेतले आणि आजोबांनी थरथरता हात तिच्या हातावर ठेवला. “आधी प्रत्येक कपात थोडा थोडा फेस, मग कॉफी. घाई केलीस तर पहिल्याला सगळं आणि शेवटच्याला काळं पाणी.” त्या दिवशी मी त्रेसष्ट कप कॉफी केली. माझा दांडा निवायलाच तयार नव्हता. मी इतकी सुखी कधीच झाले नव्हते.

आजोबा आणखी तीन वर्षे जगले आणि भरल्या घरातून गेले. फोतिनीने मला त्यांच्या फोटोशेजारी काचेच्या कपाटात ठेवले. पाहुणे ‘किती सुंदर!’ म्हणत आणि मी आत गुदमरत असे. दुखवट्यामुळे वर्षभर घरात सण नव्हता. पण पुढच्या फेब्रुवारीत फोतिनीच्या मांडीवर तिचा सहा महिन्यांचा मुलगा होता, नवा हारालांबोस. दहा तारखेला सकाळीच तिने कपाट उघडले आणि मला बाहेर काढले. कुणालाही न कळवता तिने दारही उघडले आणि उंबऱ्यात उभी राहिली. ज्याच्यासाठी लोक येत तो माणूसच आता नव्हता. येईल का कुणी? मलाही धाकधूक वाटत होती.

दहाच मिनिटांत मिल्तोस आजोबा काठी टेकत आले. खुर्चीत बसले, माझ्यातली कॉफी प्यायले आणि कप खाली ठेवला.

“फेस बाबिसपेक्षा चांगला जमलाय,” ते म्हणाले. “त्याला सांगू नकोस, रुसेल.” त्यांच्यामागून पायरीवर आणखी पावले वाजत होती.

मित्रांनो, तुमच्याही घरी आजोबांची एखादी पातेली असेल. तिला खरखरीत घासणीने ओरबाडू नका, वेळच्या वेळी कल्हई करा, पण काचेआड मात्र ठेवू नका. तिथे आम्ही लवकर काळ्या पडतो. आम्हाला रोज चुलीवर चढवा. म्हणजे रोज कुणीतरी आम्हाला पुसेल आणि पुसता पुसता आजोबांचे नाव घेईल.