अंडी, बटाटे आणि वेंडेलीन

मी चौकट बोलतेय. दाराची नव्हे, फोटोचीही नव्हे. हमालाच्या पाठीवरची लाकडी चौकट. दोन उभे दांडे, पाच आडव्या पट्ट्या, ओझं टेकायला खालून मागे निघालेली दोन शिंगं आणि खांद्यांत अडकवायचे चामड्याचे दोन पट्टे. एवढीच मी. पण एका जागी राहणं माझ्या लाकडात नाही, आणि आता नेमकं तेच वाट्याला आलंय. म्हणून बोलतेय.

तात्रा डोंगराखालच्या ज्दियार गावात, स्वतःच्या अंगणात वेंडेलीननं मला केलं. त्या वर्षी त्याचं लग्न झालं होतं. त्यानं चिवट लाकूड निवडलं, वाफेवर वाकवलं, पट्ट्यांत घोड्याचे केस भरून शिवले. मग मला पाठीवर अडकवून रिकामाच अंगणात चार फेऱ्या मारून आला आणि बायकोला म्हणाला, "बसली बघ. जशी माझ्याबरोबरच जन्मली."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गारतळ्याच्या वाटेला लागलो.

गारतळं खूप उंचावर आहे. काठावर दगडी विश्रामघर आहे, आम्ही त्याला नुसतं 'वरचं घर' म्हणतो. तिथं गाडी जात नाही, घोडं जात नाही. शेवटच्या कड्यावर तर लोखंडी साखळ्या धरूनच चढावं लागतं. त्यामुळे वर जे जे म्हणून आहे ते कुणाच्या तरी पाठीवरून गेलेलं आहे. पीठ, गॅसच्या टाक्या, बीयरची पिंपं, गाद्या. जूनच्या मध्याला वाटेवरचा बर्फ हटला की आमचा हंगाम सुरू व्हायचा. वेंडेलीन सत्तर-सत्तर किलो घेऊन चढायचा. पाऊस लागला आणि कामाला खाडा पडला की तो घरात येरझाऱ्या घालायचा. मी भिंतीला टेकून कुरकुरायची. आम्ही दोघं एकाच मातीचे.

उन्हाळ्यात भटक्यांची रीघ लागते. पाठीवर सॅक, हातात काठ्या, तोंडानं धापा. तळ्याकाठी पोचले की बूट काढतात, पाण्यात पाय घालतात, किंचाळून बाहेर काढतात. मग आंबट कोबीचं सार पितात. तळं गाठलं की माणूस शांत होतो असं ते एकमेकांना सांगतात. मी तरी तसा माणूस पाहिला नाही. दहा मिनिटं झाली की नकाशा उघडतो आणि विचारतो, "ह्याच्या वर काय आहे?" मला ती माणसं आपली वाटायची.

आता अंड्यांची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिथून निघालं.

बार्तोलोमेय हा दुसरा हमाल. वेंडेलीनचा लहानपणापासूनचा दोस्त, वेंडो आणि बार्तो म्हणून दोघं ओळखले जायचे. एका जुलैत माझ्यावर तीनशे साठ अंडी होती. आम्ही साखळ्यांवरून वर चाललो होतो आणि बार्तो रिकाम्या टाक्या घेऊन खाली येत होता. वर जाणाऱ्या ओझ्याला वाट द्यायची, हा डोंगराचा नियम. बार्तो कड्याला चिकटून उभा राहिला. आम्ही त्याच्या शेजारून सरकलो, आणि माझा कोपरा त्याच्या टाकीवर आदळला. तीनशे साठच्या तीनशे साठ फुटली. मी वरपासून खालपर्यंत पिवळी झाले.

"अंग चोरून उभं राहता येत नाही?" वेंडो ओरडला.

"मी हललोसुद्धा नाही! तूच वळलास!"

"मी? मी कशाला वळू?"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एक वर्ष, दोन वर्षं, अकरा वर्षं. वाटेत समोरासमोर आले तर मधल्या दगडाशी बोलल्यासारखे पुटपुटायचे आणि निघून जायचे. खरं काय ते मला माहीत होतं. चौकटीला कोण विचारतं?

मग मागच्या ऑगस्टमधला तो रविवार आला. माझ्यावर बटाट्यांचं पोतं होतं. साखळ्या चढून झाल्या होत्या, वरचं घर अर्ध्या तासावर. धुकं उतरत होतं म्हणून भटके घाईनं खाली निघाले होते, चाळीस-पन्नास जणांची रांग. ओझेवाल्याला वाट द्यायची हे त्यांना कुठून ठाऊक असणार? वेंडेलीनच बाजूला झाला. आमच्या डोंगरात वाटेवर भेटेल त्याला 'दोब्री देन', म्हणजे नमस्कार, म्हणायची रीत आहे. तो प्रत्येकाला म्हणत होता. "दोब्री देन, दोब्री देन..." आणि पायाखालचा दगड फिरला.

आम्ही दोघं पडलो. मी बटाट्यांसकट त्याच्या गुडघ्यावर.

तो ओरडला नाही. नुसता म्हणाला, "पोतं फाटलं का बघा."

रांगेत रादमिला नावाची एक नर्स होती. तिनं त्याचा बूट सोडवला, पाऊल हातात धरलं आणि तिचा चेहरा बदलला. भटक्यांच्या काठ्या घेऊन तिनं पाय बांधला. कुणीतरी बचाव पथकाला फोन लावला. धुक्यात हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. पथक चालत यायला चार तास.

तेवढ्यात वरून बार्तो आला. पाठीवर अ‍ॅल्युमिनियमची नवी चौकट, तिच्यात रिकाम्या बाटल्या. त्यानं पाहिलं, बाटल्या उतरवल्या आणि बटाट्यांचं पोतं माझ्यावरून सोडायला लागला.

"माझ्या चौकटीला हात लावू नकोस," वेंडो म्हणाला. अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

"चौकट कोण मागतंय? तुला उचलायचंय. माझ्या चौकटीला शिंगं नाहीत, हिला आहेत."

"तुझ्या पाठीवर बसण्यापेक्षा मी इथंच मरेन."

"मर की. पण जरा सरकून मर. रविवार आहे, लोकांची वाट अडलीय."

"गप्प बसा दोघंही!" रादमिला कडाडली. "पाऊल गार पडलंय. नाडी लागत नाही. चार तास इथं थांबलो तर पाय जाईल. कोण उचलणार आहे आणि किती वेळात?"

"मी," बार्तो म्हणाला. "दोन तासांत साखळ्यांखालच्या कुरणावर. पथकाला तिथंच थांबायला सांगा."

 शिंगांवर घोंगडी घालून वेंडेलीनला बसवलं, छातीशी आणि मांडीशी दोर आवळला. चौऱ्याऐंशी किलो. तीस वर्षं मी ज्या पाठीवर होते, ती पाठ आता माझ्यावर टेकली होती, आणि मी परक्या पाठीवर. मला माझं लाकूडच कळेनासं झालं. त्याचं काळीज माझ्या पट्ट्यांवर धडधडत होतं, बार्तोचं दुसऱ्या बाजूनं.

निघताना मागं एक गोष्ट घडली. बटाटे वाटेवर पसरले होते. खाली निघालेल्या त्या भटक्यांपैकी आठ जण थांबले, आपापल्या सॅकमध्ये बटाटे भरले आणि परत वर चढायला लागले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही उतरू लागलो. वेंडो उलट्या तोंडानं बसलेला, त्याला पुढचं दिसत नव्हतं, पण जीभ चालूच.

"डावा पाय खाली दे. तिथं खाच आहे."

"मला वाट शिकवतोस?"

"तू नेहमी उजवा देतोस. म्हणून तुझे बूट झिजतात."

"काय खातोस रे तू? गॅसची टाकी परवडली. निदान ती तोंड उघडत नाही."

रादमिला आमच्या मागोमाग उतरत होती. दर थोड्या वेळानं त्याच्या पावलाला हात लावायची आणि म्हणायची, "अजून गारच. चला."

साखळ्या आल्या. धुक्यानं लोखंड ओलं झालं होतं. बार्तो कड्याकडे तोंड करून एक-एक पायरी उतरू लागला, त्यामुळे वेंडोची पाठ कड्याकडे आणि समोर नुसती पांढरी पोकळी. बार्तो प्रत्येक साखळी दोनदा ओढून बघत होता. मला ते पट्ट्यांतून कळत होतं, म्हणजे वेंडोलाही कळत असणार. निम्म्यात बार्तोचा बूट निसटला. आम्ही एका साखळीवर लोंबलो. माझा उजवा दांडा कडकडला. मी जिवाच्या आकांतानं धरून ठेवलं. बार्तोला पाय सापडला.

 मग वेंडेलीन हळूच म्हणाला, "बार्तो."

"काय?"

"अंड्यांच्या दिवशी... मीच वळलो होतो. वर एक बाई कॅमेरा घेऊन उभी होती. 'इकडे बघा' म्हणाली. मी बघितलं."

बार्तो तीन पायऱ्या उतरला.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे? कसं?"

"त्याचं पोस्टकार्ड निघालंय. खालच्या स्टेशनाजवळच्या दुकानात दहा वर्षं विकतायत. तू दात काढून हसतोयस आणि मागं माझी टाकी."

वेंडेलीन रागानं म्हणाला, "मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू आधी बोलशील म्हणून थांबलो होतो. म्हटलं, आज बोलेल, उद्या बोलेल." आणखी एक पायरी. "आणि तुझा पडका दात दिसतो त्यात. अगदी स्पष्ट."

वेंडेलीन हसायला लागला. हसताना कळ निघत होती, तरी थांबेना. हसता हसता रडायला लागला. वरच्या पायरीवरून रादमिला ओरडली, "त्याला हलवू नका हो!" बार्तो म्हणाला, "मी नाही हलवत, तो हसतोय."

कुरणावर पथक स्ट्रेचर घेऊन उभं होतं. वेंडोला सोडवून नेलं. बार्तो गवतावर गुडघे टेकून बसला, मी त्याच्या पाठीवर. बराच वेळ त्यानं पट्टे उतरवलेच नाहीत.

पाय वाचला. गुडघा मात्र पुरता वाकत नाही. ओझं संपलं.

वरच्या घराच्या मालकीणबाई क्वेता यांनी मला मानानं जेवणघराच्या भिंतीवर टांगलंय. खाली वेंडेलीनचं नाव लिहिलंय. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. खिडकीतून तळं दिसतं, भटके येताना-जाताना दिसतात, आणि माझ्या अंगात लाकूडकिडा फिरावा तसं होतं. रोज सकाळी वाटतं, आता कुणीतरी पट्ट्यात हात घालेल.

वेंडेलीन खाली वाटेच्या तोंडाशी एका ओंडक्यावर बसतो. शेजारी जळणाची लाकडं आणि सामानाची पुडकी. जो भटका त्यातलं काहीतरी वर आणतो त्याला इथं चहा फुकट मिळतो. बार्तो वर आला की क्वेताबाईंना खालच्या बातम्या सांगतो, त्या मी ऐकते. डॉक्टर म्हणालेत, काठी घेऊन सावकाश चढला तर चालेल. बार्तो दर आठवड्याला त्याला म्हणतो, "चल, दिवसभर लागला तरी लागू दे. मी असेन की साखळ्यांवर." त्याचं उत्तर ठरलेलं. "रिकाम्या पाठीनं मी कधी वर गेलो नाही. आणि आता ओझं झेपत नाही."

बार्तोनं मला खाली नेऊ का म्हणून विचारलं, तर वेंडेलीन म्हणाला, "राहू दे, तिथं ती निवांत असेल."

निवांत! तीस वर्षं बरोबर चाललेला माणूस असं बोलतो.

म्हणून, सार पिऊन तुम्ही आता खाली निघालाच आहात तर माझं एक काम करा. ओंडक्यावर पाय लांब करून बसलेला माणूस दिसेल. तो तुम्हाला आधी विचारेल, तळ्यात बर्फ किती उरलाय. ते सांगा. मग सांगा, भिंतीवरच्या चौकटीचे पट्टे वाळून तडकायला लागलेत, इथं कुणाला चरबी लावायचं सुचत नाही. बाकी काही बोलू नका. चरबीची डबी पाव किलोची असते, खिशात मावते. पण ओझं ते ओझं. तो उठेल.