भिंतीवरचा पाव्हणा

बबिता मोबाइलवर डेन्मार्कचा एक जुना सिनेमा बघत बसली होती. मागून आजी डोकावली आणि झटकन डोक्यावर पदर घेऊन बाजूला सरली. घरात आजीचा सासरा नाही, दीर नाही. सगळ्यात मोठं माणूस म्हणाल तर ती स्वतःच. मग हा मान कुणाला, ते बबिताला कळेना.

"कोण हाय गं त्यो?" आजीनं विचारलं.

"नट हाय. लय लांबचा. तुला काय करायचंय?"

"जरा मागं घे बरं."

बबितानं सिनेमा मागं घेतला. सायकलवरून पाव वाटत फिरणारा एक तरुण. एक भुवई वर चढलेली, नाक किंचित डावीकडे कललेलं, आणि हसू ओठांच्या एकाच कोपऱ्यात अडकलेलं. बबितानं मान वर केली. अंगणात तिचा बाप रामहरी एका लंगड्या मेंढीचा खूर तपासत होता. तीच भुवई, तेच नाक. बाप उन्हानं रापलेला आणि नट गोरापान, एवढाच काय तो फरक. आणि रामहरी हुबेहूब बापावर गेलाय, हे तर ताडकळसच्या बाजारातले म्हातारेसुद्धा सांगत.

त्या बापाचा, म्हणजे येडबाचा, एकही फोटो नव्हता. मेंढरांमागं हिंडणाऱ्या माणसाला त्या काळी फोटोला कोण बसवणार? रामहरी पाळण्यात असताना माळावर वीज पडली आणि येडबा गेला. देवघरात त्याच्या नावानं चांदीच्या पत्र्यावर उठवलेला टाक होता, पण सोनाराकडचे टाक सगळे एकाच ठशातले. त्यावर येडबा घोड्यावर बसून तलवार उपसून आहे. बिचाऱ्यानं उभ्या आयुष्यात घोड्यावर बिऱ्हाड तेवढं लादलं होतं, स्वतः कधी बसला नव्हता.

आता घरकुल बांधून झालं होतं, वास्तुशांती जवळ आली होती, आणि नर्मदाबाईंचा, म्हणजे बबिताच्या आजीचा, एकच हट्ट होता. समोरच्या भिंतीवर नवऱ्याचा फोटो पाहिजे. ताडकळसच्या फोटो स्टुडिओवाल्या महारुद्रनं त्यावर सोपा उपाय काढला होता. गेलेल्या माणसांना फेटा बांधण्यात, कोट चढवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. तो म्हणाला, रामहरीचाच फोटो द्या, वय कमी करून देतो. आजी अशी भडकली की विचारू नका. जित्या लेकाच्या फोटोला हार घालायचा? तेव्हापासून महारुद्र बाजारात दिसला की ती तोंड फिरवायची.

आणि आता हा नट उगवला.

"जिता हाय का गेला?" आजीनं पहिलं हेच विचारलं.

बबितानं शोधलं. आक्सेल ब्रुनहोल्ट त्याचं नाव. नव्वदीला टेकून, दोन वर्षांपूर्वी गेला होता.

"बरं झालं," आजी म्हणाली आणि लगेच कानाला हात लावला. "चुकलं बाई. पण बरं झालं."

रामहरी मेंढी सोडून उठला. "माय, डोकं ठिकाणावर हाय का? कोण कुठला गोरा माणूस, त्याला माझा बाप म्हणून टांगायचा? लोक तोंडात शेण घालतील."

"टांगायचा का न्हाई ते मागून बघू. आधी चौकशी करू. बिनचौकशीचं माणूस घरात घ्यायचं नसतं."

मग सोयरिकीला करतात तशी चौकशी सुरू झाली. आजी त्याला नाव सोडून पाव्हणाच म्हणू लागली. मेंढरं आत घेतली की ती बबिताजवळ येऊन बसायची.

"पाव्हण्याचा बाप काय करायचा?"

"पावाची भट्टी व्हती."

"मंग चांगली भट्टी सोडून ह्यो कशाला शिरला सिनेमात?"

बबिता वाचून सांगायची. भट्टी धाकट्या भावानं धरली. आक्सेल आधी थिएटरात पडदा ओढायचा. एका संध्याकाळी एका नटाला ताप आला, म्हणून ह्याला उभं केलं. हा जिथं तिथं चुकला आणि लोक हसून हसून बेजार झाले. मालक म्हणाला, उद्या पण असाच चुक. आजीला हे फार आवडलं. दुसऱ्या दिवशी तिनं तेच परत सांगायला लावलं.

सुरुवातीला बबिता आजीसाठी शोधत होती. पुढे तिचं तिलाच राहवेना. गंगाखेडला कॉलेजला जाताना ती बसमध्येही त्याच्या जुन्या मुलाखती काढून बसायची. मोबाइल करून देईल तसल्या ओबडधोबड भाषांतरात वाचायची. सिनेमे त्यानं ढिगानं केले. सगळा देश त्याला ओळखायचा. तरी दर हिवाळ्यात तो नाटकाकडं परत यायचा. का, तर सिनेमात हसणारी माणसं समोर दिसत नाहीत, असं त्यानं सांगितलं होतं. ज्या देशाचं नाव तिला नकाशात शोधावं लागलं, तिथल्या ह्या माणसाबद्दल आपल्याला एवढी माया का वाटायलीय, याचं तिला नवल वाटे.

"पीत व्हता का?" आजीनं विचारलं.

"पीत व्हता."

"मारझोड?"

"तसं कुठं लिहिलं न्हाई. पण बायका तीन केल्या."

"घ्या," रामहरी अंगणातून म्हणाला. "तीन बायकांचा दादला आमच्या भिंतीवर."

आजीनं मोबाइलकडं पाठ केली. सोयरीक मोडली, असंच बबिताला वाटलं.

"जगला म्हणून केल्या," आजी शेवटी म्हणाली. "तुझा आजा जगला असता तर त्येनी काय केलं असतं, मला तरी काय ठाव? दोन वरसं संगं व्हतो आमी. त्यातली निम्मी त्ये मेंढरांमागं."

रामहरीनं मान खाली घातली आणि पुन्हा त्या विषयावर आडवा शब्द काढला नाही.

बाजाराच्या दिवशी आजीनं महारुद्रवरचा राग बाजूला ठेवला आणि तिघं ताडकळसला गेली. रामहरी आपला नुसता सोडायला आलो म्हणून स्टुडिओच्या दारातच थांबला. बबितानं आधीच पाठवलेल्या, पाव्हण्याच्या तरुणपणच्या फोटोवर महारुद्रनं जीव ओतून काम केलं होतं. रंग सावळा केला, लाल फेटा बांधला, खांद्यावर घोंगडी टाकली. मोठ्या डौलात त्यानं कॉम्प्युटर आजीकडं वळवला.

आजीचा चेहरा पडला. "ह्यो तर पोरगा हाय."

"मावशी, गेले तवा तेवढेच व्हते ना त्ये?"

"व्हते. पण मी किती झाले बघ की. ह्यो फोटो लावून मी खाली बसले तर लोक म्हणतील, म्हातारीचा नातू गेला."

बबिताला लाज वाटली. फोटो कोणत्या वयाचा पाहिजे, हे आजीला कुणी विचारलंच नव्हतं. गेलेला माणूस गेला त्याच वयाचा राहतो, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

"पाव्हण्याचा म्हातारपणचा हाय का?" आजी म्हणाली.

बबितानं तो काढून दिला. शेवटच्या नाटकाच्या तालमीतला. आक्सेल लाकडी खुर्चीवर बसलाय, केस पांढरे आणि विरळ, गळ्याची कातडी लोंबलेली, हातात काठी. भुवई मात्र अजून वर, आणि हसू त्याच कोपऱ्यात. महारुद्र फेटा चढवायला गेला, तर आजीनं त्याला हातानंच थांबवलं.

ती खुर्ची पुढं ओढून कॉम्प्युटरजवळ गेली. दुकानात आणखी कुणी आहे याचं तिला भानच राहिलं नाही.

"तुमी बी म्हातारे झालात की," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, मी एकटीच झाले."

रामहरी दारातून आत आला आणि आईच्या मागं उभं राहून बापाकडं बघू लागला.