बाटलीभर पाऊस

"या डोंगरावर कुणी साधं शिंकलं तरी मला इथे खुर्चीत बसून कळतं," असं वायरलेसवालीला ऐकवून भोंगेसाहेबांनी पाय टेबलावर टाकले. पुढचा तासभर त्यांना काहीएक कळलं नाही.

भोंगेसाहेब हे गावाने ठेवलेलं नाव. इशारा केंद्राचा भोंगा त्यांच्या ताब्यात होता. गेल्या उन्हाळ्यात वरचं जंगल जळून खाक झालं आणि राखेखालच्या मातीवर मेणासारखा थर बसला. आधी पाऊस जंगलच पिऊन टाकायचं, आता तेलकट तव्यावरून घसरावं तसं पाणी थेट नाल्यात उतरायचं. म्हणून वर तीन पर्जन्यमापक बसवले. पाव तासात दहा मिलिमीटर पडला की भोंगा वाजवायचा आणि नाल्याकाठच्यांनी टेकडीवर पळायचं, इतकं सोपं काम.

गेल्या आठवड्यात दोन नंबरच्या मापकाने चौदा दाखवले. भोंगा वाजला. लोक गाद्या, कुकर, एक जण तर पिंजऱ्यासकट पोपट घेऊन टेकडीवर पोचले, आणि नाल्याला बोटभरसुद्धा पाणी आलं नाही. वरच्या कार्यालयातून खरमरीत पत्र आलं: आधी खात्री करा, मग वाजवा.

साहेबांनी खात्री केली. त्या दिवशी भाऊजी, म्हणजे साहेबांच्या ताईचा नवरा, हातात बाटली घेऊन डोंगराच्या वाटेला लागलेले कुणीतरी पाहिले होते. ताई-भाऊजींची लाँड्री अगदी नाल्याला खेटून, आणि ती तिथून हलवावी असा अहवाल साहेबांनीच दिलेला. भोंगा खोटा पडला की अहवालही खोटा, दुसरं काय? साहेबांनी मापकाच्या तोंडाचा हिशेब मांडला. चौदा मिलिमीटर म्हणजे अर्धा लिटरसुद्धा नाही. बाटलीत बसतं. भाऊजी शपथ घेऊन नाही म्हणाले, तेव्हा तर साहेबांची खात्रीच पटली.

आज यंत्र पुन्हा टिकटिकलं. दोन नंबर, अकरा. खिडकीबाहेर लख्ख ऊन. खिडकी डोंगराच्या उलट्या बाजूला होती, पण ते साहेबांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. त्यांनी ताईला फोन लावला. भाऊजी सकाळीच पाण्याची बाटली घेऊन गेलेत, कुठे ते काही बोलले नाहीत, असं ती म्हणाली.

"मग ऐक, ताई. आज भोंगा वाजला तरी जागची हलू नकोस. तुझ्या नवऱ्याचे उद्योग आहेत."

फोन ठेवतात तोच एक नंबर सोळावर गेला. दोन मापकांत तीन किलोमीटरचा चढ आहे, चार मिनिटांत माणूस जाईल कसा, असं वायरलेसवालीने विचारलं. साथीदार असेल, साहेब म्हणाले. तीन नंबरही वाजला. म्हणजे टोळीच आहे, साहेब म्हणाले.

वायरलेसवाली उठली आणि इमारतीमागे जाऊन बघून आली. काळा पडलेला डोंगर उन्हाने भट्टीसारखा तापलाय, तिथली गरम हवा वर चढून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग उभा राहिलाय, वर वारा नाही म्हणून तो सरकत नाही आणि एकाच जागी ओततोय, असं तिने सांगितलं. गेल्या आठवड्यातही असाच आला असेल आणि लवकर विरला असेल.

"ढगाखाली कुणी माणूस दिसला का?" साहेबांनी विचारलं.

तेवढ्यात दार ढकलून भाऊजी आत आले. हातात बाटली होती, तोंडापर्यंत भरलेली. सकाळपासून खालच्या बाकावर बसलोय, शिपाई वर सोडेना, असं ते कुरकुरले. लाँड्री हलवायला तयार असल्याचा अर्ज आणला होता. ताईला पटणार नाही म्हणून तिच्यापासून लपवलेला.

साहेबांनी बाटलीकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं आणि भोंग्याचं बटण दाबलं. मग ताईला फोन लावला. तो लागेना. ती शेजारणींना आज पळायचं नाही म्हणून कळवत होती.

साहेब आणि भाऊजी लाँड्रीकडे धावत सुटले. वायरलेसवाली कर्ण्यावरून नाल्याकाठाला आज खरंच पळा म्हणून ओरडत राहिली. शेजारणी निघाल्या. ताई निवांत शर्टाच्या कॉलरला इस्त्री करत होती.

"अगं, भोंगा ऐकू येत नाही का?"

"येतोय की. तूच म्हणालास हलू नकोस."

"आता मीच म्हणतोय, हल."

"मगाचं खरं धरू की आत्ताचं?"

ओल्या राखेचा वास आला. मागोमाग वरून खडी ओतणाऱ्या ट्रकसारखा आवाज यायला लागला. भाऊजींनी बायकोला चक्क खांद्यावर टाकलं आणि तिघे लोखंडी शिडीने छतावर चढले. खालून कालवलेल्या सिमेंटसारखं काळं पाणी जळके ओंडके घेऊन गेलं. जाताना त्याने काउंटर नेलं आणि गिऱ्हाइकांचे चाळीस शर्टही नेले. माणसं तिन्ही शाबूत राहिली.

तासाभराने पाणी ओसरलं. धोका टळला, आता उतर, असं साहेबांनी ताईला सांगितलं. कोण म्हणतं, तिने विचारलं. मी म्हणतोय, ते म्हणाले. हे ऐकून ती छताच्या आणखी मधोमध जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपली आपण उतरली. शिडीच्या शेवटून दुसऱ्या पायरीवर तिचा पाय घसरला आणि डावा घोटा मोडला.