नाबकडचं ताट

"नाबच्या टपरीवर बसून काय खात होतात?"

कल्सोमने ओला फडका ओट्यावर आपटला. एंबोंग पायरीवर बसून सुजलेली पावलं चोळत होता.

"काही नाही."

"मासळीवालीने डोळ्यांनी पाहिलं. पुढ्यात ताट होतं म्हणे."

"होतं. खाल्लं नाही."

"मग काय ताटाशी गप्पा मारत होतात?"

एरवी तो हसला असता. आज त्याने नुसती मान खाली घातली.

मलेशियातल्या मरांगच्या धक्क्यावर कल्सोम एकतीस वर्षं नासी दागांग विकत होती. नारळाच्या दुधात वाफवलेला भात, त्यात मेथीदाणे, वर कुप्याचं दाट कालवण. पलीकडच्या टोकाला नाबही तेच विकायची, पण होड्या लागल्या की कोळी घराआधी कल्सोमकडे वळत. एंबोंग त्यांच्यातलाच. कालवणावर भाळून लग्न केलं, बायको वर फुकट मिळाली, असं तो गावभर सांगे. दोन वर्षांपूर्वी त्याची मूत्रपिंडं थकली. डॉक्टरांनी मीठ तोडलं, नारळ तोडला. तेव्हापासून उकडलेला भोपळा आणि अळणी मासा. कल्सोम त्याला आपल्या टपरीकडे फिरकूही देत नसे. "तुम्ही मागाल, आणि माझ्याच्याने नाही म्हणवणार नाही," ती म्हणे. एक घासही खाणार नाही, असा शब्द तिने त्याच्याकडून घेतला होता.

आणि परवाच्या तपासणीत आकडे बिघडले होते.

"जन्मात तिला आंबटाचा अंदाज आला नाही, तिच्या हातचं गोड लागलं तुम्हाला! मला विधवा करायचंय तर तसं सांगा एकदाचं."

"कल्सोम, खरंच नाही खाल्लं गं."

तिने अबोला धरला. दिवसातून तीनदा त्याच्यापुढे ताट ठेवायचं आणि पाठ फिरवायची. तो काहीबाही बोलून बघे, वाऱ्याबद्दल, कोणाच्या होडीबद्दल. ती भांडी वाजवी.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताट उचलायला ती पायरीवर आली. भोपळा तसाच होता. एंबोंग खांबाला टेकून डोळे मिटून बसला होता. रुसलाय, असं तिला वाटलं. "नको तर नको," ती पुटपुटली आणि ताट घेऊन आत गेली. तीन दिवसांत ती त्याच्याशी बोललेले शब्द एवढेच. भांडी घासून झाली, वाळत घातलेले कपडे काढून झाले, तरी तो हलला नाही, तेव्हा तिने जवळ जाऊन हाक मारली.

एंबोंग गेल्याच्या सातव्या दिवशी ओसरीवर पुरुष दुवा मागायला बसले. स्वयंपाक कल्सोमने एकटीने केला होता, कोणाला हात लावू दिला नव्हता. ती ताटं वाढत असताना मागच्या दाराने नाब आली. शेजारी टेकली.

"दर शुक्रवारी नमाज आटोपून यायचे," ती म्हणाली. "ताट मागायचे आणि नुसते बसायचे. एकदा मी चिडले. म्हटलं, एंबोंगदादा, माझ्या हातचं एवढं वाईट आहे का? तर म्हणाले, 'वासावर काही बंदी नाही ना, नाब? खायचं नाही, तिला शब्द दिलाय.' मग ताट त्या जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्यापुढे सरकवून उठायचे. जाताना वर ऐकवायचे, 'आंबट फार झालंय. कल्सोमकडे शिकायला जा.'"

नाबला हसू आलं. कल्सोम भाताकडे बघत राहिली.

बाहेर दुवा संपत आली. गेलेल्याला माफ करायच्या रीतीप्रमाणे नाबने तिचा हात हातात घेतला. "त्यांचं काही चुकलंमाकलं असेल, तर माझ्याकडून माफ."

"त्यांचं काही चुकलं नव्हतं," कल्सोम म्हणाली. मग कोणाकडेच न बघता म्हणाली, "मला सांगितलं होतं त्यांनी. दोनदा सांगितलं."

ओसरीवर ताटांची वाट बघणं चाललं होतं. नाबने तिच्या हातातला डाव हळूच सोडवून घेतला आणि कालवण वाढायला लागली.