जुळलेलं हाड
दाढेचा तुकडा स्टीलच्या ट्रेमध्ये टणकन पडला, पण डॉक्टरची नजर त्याच्यावर थांबली नाही. ती गेली दिव्यापुढे लावलेल्या एक्स-रेवर — खालचा जबडा कधीतरी मोडला होता आणि वाकडाच जुळला होता. दातांच्या डॉक्टरला अशी हाडं नवी नाहीत. पण खुर्चीत शेठची बायको होती.

"हे कशानं झालं?"

"जिन्यावरून पडले होते. लग्न नवीन होतं," बायको सुन्न ओठांनी म्हणाली. "ह्यांनीच उचलून दवाखान्यात नेलं."

शेठ... कॉलेजात तिच्या वर्गात पेनं, छत्र्या, जुनी पुस्तकं विकायचा म्हणून शेठ. पुढे फरश्यांच्या धंद्यात खरोखरच शेठ झालेला. आणि या उन्हाळ्यात नोकरांदेखत भागीदाराच्या कानफटात मारली, म्हणून त्या भागीदारानं गोदामातच सळईनं डोकं फोडून ज्याला ठार केलं, तो शेठ. बातमी कळली तेव्हा ती रडली होती. रडणारच — सायकल स्टँडवर रोज तिची वाट अडवणाऱ्या पोराचं तोंड शेठनं गजावर आपटलं होतं, एकदा, पुन्हा, तो हात जोडत होता तरी पुन्हा... आणि शेठ रुमालाला बोटं पुसत म्हणाला होता, "जा आता बिनधास्त." ती गेली होती. पाठीशी कुणी असणं म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं होतं. मग त्या पोराचे जोडलेले हात आजच का आठवावेत?

"कॉलेजात कसे होते हो हे?" बायकोनं चूळ भरून विचारलं. "तुमचं नाव फार घ्यायचे."

"माणसांवर जीव टाकायचा," ती म्हणाली. खोटं नव्हतं.

"हो. टाकायचे." बायकोनं पदरानं ओठ टिपले. मग अगदी साध्या आवाजात, "जिना नव्हताच डॉक्टर आमच्या घराला. तळमजल्यावर राहायचो."

आणि तिनं डोळे मिटून पुन्हा तोंड उघडलं — निमूट, सवयीनं.

आरसा आत घालताना डॉक्टरला ते गोदाम दिसू लागलं, कधीही न पाहिलेलं — फरश्यांच्या थप्प्या, पांढरी धूळ, शेठची पाठमोरी मान... आणि भागीदार कुठंच नव्हता. सळई तिच्याच हातात होती. ती मारत होती, थांबावंसं वाटत नव्हतं. आणि त्याच वेळी, त्याच्यासाठीच, ती रडतही होती.