कानातलं नाव

कागद चौकोनी होता, वहीच्या पानाचा चौथा हिस्सा, आणि त्याची घडी इतक्या वेळा उघडून मिटलेली की मधली रेघ विरत आली होती... आलोकला आधी हे दिसलं, मजकूर नंतर. वर जन्मतारीख आणि वेळ. खाली मृगशीर्ष, चरण तिसरा. आणि त्याच्याही खाली, लाल शाईत, दोनदा गिरवलेलं एकच अक्षर – का. हस्ताक्षर सासऱ्यांचं. दत्तोपंतांनी अडतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. त्यांचं अक्षर शंभर माणसांत ओळखू आलं असतं. आलोक दवाखान्याच्या फायलीत लसीकरणाचं कार्ड शोधत होता, पुढची लस कधी एवढंच बघायला, आणि कार्डाच्या मागे हे निघालं.

म्हणजे पत्रिका काढलीच यांनी.

त्याला राग यायला हवा होता. तो आलाही, पण उशिरा. पहिल्यांदा आलं ते समाधान, की मला माहीतच होतं. पाच आठवडे तो याचीच वाट बघत होता. लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवताना तो दरवर्षी सांगायचा, चार पर्यायांतला जो सगळ्यांत सरळ दिसतो ना, त्याच्याकडे आधी संशयानं बघा, पेपर काढणाऱ्यानं तो तुमच्यासाठीच पेरलेला असतो. आणि सासुरवाडीच्या या घरात सगळंच फार सरळ चाललं होतं. देवाचं नाव नको, ग्रहाचं नको, माणसानं अंगी बाणवावा असा एखादा गुण असू दे तिच्या नावात, असं त्यानं सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुमची लेक हाय, तुम्ही ठेवाल ते." दत्तोपंतांनी चष्मा पुसला. आणि मनस्विनी – त्यानं 'ऋजुता' सुचवलं, सरळपणा, मनात एक आणि ओठांत दुसरं नसणं, असा अर्थही सांगितला – मनस्विनी म्हणाली, "बरं."

बरं! लग्नाच्या सहा वर्षांत पडद्याच्या रंगावरून तीन दिवस वाद घालणारी बाई पोटच्या मुलीच्या नावाला 'बरं' म्हणते?

बाहेरच्या खोलीत पाळणा बांधत होते. हुकाचा कर्र आवाज आला, मग सासूबाईंचा, "जरा खाली घ्या हो, आत्याबाईंचा हात पुरला पाहिजे." आत्याबाई म्हणजे भार्गवी, त्याची मोठी बहीण. सकाळीच शिरूर अनंतपाळहून बस बदलत बदलत नांदेडला पोचली होती. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. ती बाळाच्या कानात कुर्र करणार, नाव सांगणार आणि मग मोठ्यांदा म्हणणार. कानात एक, मोठ्यांदा दुसरं... कोण बघायला बसलंय? आलोकला एकदम सगळा डाव दिसला. कागदावर 'ऋजुता' राहू दे जावयाच्या समाधानाला, जन्मदाखल्यावरही राहू दे, आणि कानात मात्र 'का'वरून काहीतरी. कामाक्षी, कात्यायनी. आयुष्यभर पोरगी आपल्या नकळत दोन नावांची राहील, आणि संकल्प सोडताना, कुठल्या पूजेत, एखाद्या गुरुजीला कुणीतरी हळूच सांगेल, हिचं राशीचं नाव वेगळं आहे.

तो बाहेर गेला. भार्गवी घुगऱ्यांच्या पातेल्यात मीठ बघत होती.

"ताई, तुला कुणी काही सांगितलंय का? नावाचं?"

"तूच तर फोनवर सांगून राहिलास चार दिवस झाले. ऋजुता. पाठ झालंय मला." तिनं हरभऱ्याचा दाणा दातांखाली फोडला. "का रे?"

"कानात पण तेच म्हणशील ना?"

भार्गवीनं त्याच्याकडे बघितलं. तिच्या कपाळावर एक आठी होती, ती तिच्या अठ्ठाविसाव्या वर्षी आली. त्या वर्षी उदगीरचं स्थळ सुपारी फुटल्यावर मोडलं, मंगळ निघाला म्हणून. पत्रिका देणारे आपलेच वडील होते, आणि मोडल्यावर स्वयंपाकघरात जाऊन पाणी मागणारेही तेच. आलोक तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पाणी त्यानंच दिलं. दिवाणावर ती पत्रिका उघडीच पडली होती, हळदीची बोटं लागलेली, आणि ताई शेजारी बसून साडीची घडी घालत होती, उलगडून पुन्हा घालत होती... तिचं लग्न पुढे पस्तिसाव्या वर्षी झालं, सिद्धरामांशी. ते बरे आहेत. पण मधली सात वर्षं कुणी परत दिली? मी तेव्हाच ठरवलं होतं. माझ्या मुलाला पत्रिका नसेल. ते कुठल्या ताऱ्याखाली जन्मलं हे कुणाला सांगता येणार नाही. इतकं साधं मागणं होतं माझं, त्यात जगाचं काय जात होतं?

"अरे बाबा," भार्गवी म्हणाली, "तू पहिलेपासून असाच. प्रसादाचा पेढा पण वास घेऊन खायचा. जा, आंघोळ कर. बाया येतील आता."

तिनं 'हो' म्हटलं नव्हतं. हे त्याच्या आंघोळ करता करता लक्षात आलं.

मनस्विनी आतल्या खोलीत बाळाला पाजून नुकतीच उठली होती. बाळ पलंगावर, दोन उशांच्या मध्ये, मुठी आवळून. आलोकनं दार लोटलं आणि काही न बोलता कागद तिच्यापुढे धरला. ती दचकेल असं त्याला वाटलं होतं. ती दचकली नाही. उलट तिनं सुटकेचा श्वास टाकल्यासारखं केलं, आणि त्यालाच कसंतरी झालं.

"मीच मागितला बाबांकडून," ती म्हणाली. "ते बिचारे खूश झाले. त्यांना वाटलं, लेक वळणावर आली."

"कशाला मागितलास?"

"तू सांग ना. चौथ्या दिवशी मी तुला म्हटलं होतं, करुणा ठेवू. गुणाचं नाव, देवाचं नाही. तुला पाहिजे तसंच. तू लगेच नाही म्हणालास. का?"

कूलरची मोटर घरघरत होती.

"तू कारण दिल्याशिवाय चहालाही नको म्हणत नाहीस. म्हटलं, करुणा नावाची कुणीतरी असणार याची. औरंगाबादला, शिकताना. हसू नको. दोन आठवडे मी तुझ्या जुन्या फोटोंतल्या पोरी बघून राहिले होते. एक तर मला पक्की वाटली, ती पिवळ्या ओढणीची." ती पलंगाच्या कडेवर बसली. "मग दुपारी एकदा पाजता पाजता सुचलं. बाबांना म्हटलं, अक्षर काढून द्या. बघते तर 'का', म्हणजे करुणाचा 'क' त्यात आलाच. आधी मला हसू आलं. मग नाही आलं. तू पंचांग बघितलंस ना, आलोक?"

बघितलं होतं. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून, मोबाइलवर, बाळ जन्मून पुरते तीन तास झाले नव्हते तेव्हा. त्यानं वेळ घातली होती, गाव नांदेड घातलं होतं, आणि उत्तर आल्यावर फोन पालथा करून खिशात टाकला होता. कुणी बघत नाही ना, म्हणून जिन्याच्या वर-खालीही बघितलं होतं.

"टाळायला बघितलं," तो म्हणाला. "चुकूनसुद्धा ते अक्षर येऊ नये म्हणून."

"बाबा पण टाळायलाच बघतात रे. अमावास्या टाळायला, राहुकाळ टाळायला."

त्याच्याकडे याला उत्तर होतं. उत्तरं त्याच्याकडे नेहमीच असत. नकार देण्यासाठी बघणं आणि मान तुकवण्यासाठी बघणं यांत फरक आहे, तो असा की... पण वाक्य पुढे सरकेना. जिन्यातला तो माणूस त्याला वरून दिसायला लागला, खांदे आवळून फोनवर वाकलेला, आणि त्या पाठीत आणि त्याच्या वडिलांच्या पाठीत काडीचाही फरक नव्हता. त्याला शरम वाटली. ती इतकी सरळ वाटली की तिच्यावरही त्याला संशय घेता येईना.

"करुणाच का पण?" त्यानं विचारलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

"तू लातूरहून निघाला होतास त्या दिवशी. सहा तास लागले तुला. आई औषधं आणायला सारखी खाली. शेजारच्या खाटेवरच्या पोरीची सासू होती, भोकरकडची. शिवगंगा. स्वतःची सून कण्हत होती तरी एक हात मला देऊन बसली होती. कोण, कुठली, काही विचारलं नाही. मी तिची बोटं इतकी दाबली की बांगडी फुटली. 'फुटू दे माय,' म्हणे." मनस्विनीनं बाळाच्या पायावरचं दुपटं नीट केलं. "गेली नंतर. मला तिला काही देता पण नाही आलं. म्हणून म्हटलं, हे नाव ठेवावं."

आलोक पलंगाजवळ खाली बसला. "अजून वेळ आहे. ताईला सांगतो. करुणाच ठेवू."

"आता नको."

"का?"

"आता तू हो म्हणालास तरी कशासाठी म्हणालास, ते मला कळणार नाही. मला वाईट वाटलं म्हणून, का बाबांच्या कागदाला भीत नाहीस हे दाखवायला." ती उठली, केस बांधायला लागली. "ऋजुता चांगलं आहे. ठेव."

बायका आल्या. कुंकू, फुलं, सुपातले गहू. बाळाला पाळण्याखालून एकीनं दिलं, वरून दुसरीनं घेतलं, दर खेपेला देवाची नावं घेत. सकाळी आलोकनं ती मोजली असती. आता तो भिंतीला टेकून फक्त भार्गवीच्या ओठांकडे बघत होता. केस बांधून झाल्यावर मनस्विनी स्वयंपाकघरात गेली होती, आणि तिथून दोघी बरोबरच बाहेर आल्या होत्या. किती वेळ होत्या आत? पाच मिनिटं? दहा? भार्गवी वाकली, पदर कानापाशी आडवा धरला. तिनं कुर्र केलं तशा मागच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, हसण्याचा कल्लोळ झाला, आणि त्या कल्लोळाच्या आत, पदराच्या आडोशाला, त्याच्या बहिणीनं त्याच्या मुलीला काहीतरी सांगितलं. लांबलं ते. तीन अक्षरांना लागावा त्यापेक्षा जास्त वेळ लागला. मग ती ताठ उभी राहून म्हणाली, "ऋजुता!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दत्तोपंतांनीही. आलोकच्याच टाळ्या मागून, एकट्याच ऐकू आल्या.

ताईला विचारणं सोपं होतं. घुगऱ्यांची पुडी हातात घेऊन ती निघाली तेव्हा तो तिच्याबरोबर रिक्षापर्यंत गेला, आणि रिक्षा वळेपर्यंत त्यानं विचारलं नाही. तिनं 'ऋजुता'च म्हटलं, असं ती सांगणार होती. ते खरं असलं तरी त्याला पटलं नसतं, आणि खोटं असलं तर, याचं त्याला नवल वाटत होतं, तर कदाचित बरं वाटलं असतं.

तो परत आला तेव्हा घर निवांत झालं होतं. पाळण्याची झेंडूची माळ एका बाजूनं सुटून लोंबत होती. बाळ जागं होतं. त्याच्याकडे बघत नव्हतं, पंख्याकडे बघत होतं, पण अशा गंभीरपणे की जणू पंख्यानं त्याला काही समजावून सांगायचं कबूल केलं आहे. आलोक वाकला. कान एवढासा, काठावर लव, आत कुणाच्या तरी हाताची हळद. यात आज काय गेलं हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस पाच आठवड्यांचं होतं. मी पण काहीतरी सांगावं. ऋजुता म्हणावं, तर माझ्या तोंडून? जिन्यात उभं राहून फोन पालथा करणाऱ्याच्या? करुणा म्हणावं, तर तेही आता उसनं... तो तसाच वाकून राहिला, तोंड कानाशी, आणि त्याच्या श्वासानं लव हलत राहिली.

"काय सांगितलंस तिला?"

मनस्विनी दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"काही नाही."

खरंच काही नाही. आयुष्यात इतकं खरं तो क्वचितच बोलला असेल. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग बाळाच्या कानाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे, आणि तिच्या डोळ्यांत त्याला ती नजर दिसली, चार पर्यायांतल्या सगळ्यांत सरळ पर्यायाकडे बघायची, त्याची स्वतःची.

"बरं," ती म्हणाली.

ती आत गेली. त्याला तिच्या मागे जाऊन सांगावंसं वाटलं, अगं, खरंच, काही म्हणालो नाही मी. पण सांगणार कशाच्या जोरावर? पुरावा म्हणून एक कान होता, आणि तो बोलणार नव्हता. त्यानं पाळण्याची दोरी हातात घेतली. आपल्यावर कुणीतरी उगाच, काही न तपासता, विश्वास ठेवावा अशी इच्छा त्याला झाली, आणि ती इतकी अनोळखी होती की कुणाकडे मागायची असते हेच त्याला कळेना.